माजघर नसलेलं घर : ‘द सोशल डायलेमा’मध्ये जे नाही त्याविषयी

मागच्या व्याख्यानानंतर एका पालकांनी आम्हाला विचारलं होतं, ‘द सोशल डायलेमा’ हा माहितीपट मुलांना दाखवावा का? वेळ संपली होती, म्हणून उत्तर आजवर ठेवलं. दाखवा. पण आधी तुम्ही पाहा, आणि त्यात काय नाही ते शोधा.

जेफ ऑर्लोव्स्की यांचा हा माहितीपट २०२० साली आला. मोठमोठ्या समाजमाध्यम कंपन्यांत पूर्वी काम केलेली माणसं त्यात कॅमेऱ्यापुढे बसून कबुली देतात. ‘लाइक’चं बटण घडवणाऱ्यांपैकी एक जस्टिन रोझेनस्टाइनही आहेत. सोबत एका काल्पनिक कुटुंबाची गोष्ट आहे. धाकटीच्या फोटोवर कुणीतरी तिच्या कानांवरून टोमणा मारतं. जेवताना आई सगळ्यांचे फोन वेळेचं कुलूप असलेल्या डब्यात ठेवते, तर ही पोरगी तो डबाच फोडते. मुलगा काही दिवस फोनशिवाय राहायचं कबूल करतो. तेव्हा यंत्राच्या पोटात बसलेले तीन सारख्या चेहऱ्याचे पुरुष त्याला परत ओढायला त्याच्या जुन्या मैत्रिणीची बातमी गळाला लावतात.

हे चित्रण प्रभावी आहे, यात वाद नाही. लक्ष विकलं जातं कसं, हे इतक्या सोप्या रीतीने आम्हाला वर्गात कधी सांगता आलं नसतं. आमची तक्रार वेगळी आहे. या चित्रपटात पाहणारा डोळा मुख्यतः एकाच ठिकाणी आहे, कंपनीत. घर मात्र निष्पाप. आई काळजी करणारी, मोठी बहीण शहाणी.

आता आपल्या घरात या. सतरा वर्षांच्या मुलीचा फोन कोण तपासतं? भाऊ तपासतो. ‘प्रेम आहे ना, मग पासवर्ड दे’ असं कोण म्हणतं? मित्र म्हणतो. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर जाब कोण विचारतं? कंपनीने खिडकी बसवली हे खरं, पण त्या खिडकीला डोळा लावून आपणच उभे आहोत.

जेम्स रेचल्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७५ साली खासगीपणावर एक निबंध लिहिला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : खासगीपणा हवा तो काही वाईट लपवायला नव्हे, तर वेगवेगळ्या माणसांशी वेगवेगळी नाती ठेवता यावीत म्हणून. कोणाला काय कळू द्यायचं, यावरच नात्याची जवळीक ठरते. आपल्या जुन्या वाड्यांना हे ठाऊक होतं. ओसरीवर येणारा पाहुणा वेगळा, माजघरापर्यंत येणारा वेगळा. (त्या माजघरात बायकांना किती कोंडलं, तेही आम्ही विसरलेलो नाही.) समाजमाध्यमाने हे उंबरे काढून टाकले. एकच फोटो मामा, क्लासचे सर, जिवलग मैत्रीण आणि अनोळखी पुरुष एकाच वेळी पाहतात. मग मुलं काय करतात? दुसरं खातं उघडतात. आपण त्याला लबाडी म्हणतो. आम्हाला ती माजघर बांधायची धडपड वाटते.

कायद्याचं म्हणाल, तर २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पुढे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याने अठराच्या आतल्या सगळ्यांना मूल ठरवलं आणि त्यांचा डेटा वापरायला पालकांची पडताळलेली संमती सांगितली. मुलांवर नजर ठेवून जाहिराती दाखवायलाही बंदी केली, हे चांगलंच झालं. पण सहा वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांची मुलगी एकाच मापात? आणि जिला घरच्यांपासूनच थोडी जागा हवी आहे, तिची किल्ली घरच्यांच्याच हाती?

सुरक्षितता यातूनच बिघडते. फोटो पसरवण्याची धमकी देणाऱ्या माणसाचं भांडवल काय असतं? फोटो नव्हे. ‘घरी कळलं तर फोन जाईल, कॉलेज सुटेल’ ही मुलीची भीती, हे त्याचं भांडवल. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक आहे, तो फिरवायलाही आधी घरात कुणाला तरी सांगण्याची सोय लागते. डबा कुलूपबंद करणारी ती आई, मुलीने असं काही सांगितलं तर काय करील? चित्रपट तिथवर जातच नाही.

आता आमचंही सांगतो, नाहीतर हा सगळा उपदेश ठरेल. नातीचा दहावीचा निकाल लागला. गुणपत्रिकेचा फोटो आम्ही कौतुकाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो आणखी दोन ग्रुपांवर गेला. गणितात तिला कमी पडले होते. ‘आजोबा, मला विचारायचं तरी,’ एवढंच ती म्हणाली. आयुष्यभर कांट शिकवला आम्ही! माणसाला केवळ साधन मानू नये, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. आणि नात आमच्या मिरवण्याचं साधन झाली. पोस्ट काढायला गेलो तेव्हा ती सर्वांच्या फोनमधून काढण्याची मुदत उलटून गेली होती.

तिच्या स्टेटसवर हल्ली काहीच नसतं, असं आम्ही परवा सुनेला म्हणालो. ती हसली. म्हणाली, रोज असतं, तुम्हाला दिसत नाही.