न बदलणारा हॅशकोड

एन्टिटी क्लासच्या तळाशी असलेल्या इक्वल्स आणि हॅशकोड या मेथड सहसा कुणी वाचत नाही. आयडीईने जनरेट केल्या असतील असं समजून पुढे जातात. हायबरनेट वापरणाऱ्यांत त्यांचं जे एक छोटं रूप रुळलंय, ते मात्र सावकाश वाचण्याजोगं आहे.

‘पुस्तक’ ही एन्टिटी घेऊ. इक्वल्स आधी विचारतं, समोरचा ऑब्जेक्ट मीच का? मग, तो पुस्तक तरी आहे का? इथे गेटक्लास नाही, इन्स्टन्सऑफ आहे. कारण लेझी लोडिंगमध्ये हायबरनेट पुस्तकाऐवजी त्याचा सबक्लास असलेला प्रॉक्सी हाती देतं. समोरच्याचा आयडीही गेटरनेच घेतलाय, कारण प्रॉक्सीचं स्वतःचं फील्ड रिकामं असतं.

मग येते खरी ओळ: आयडी नल नसेल आणि दोन्ही आयडी जुळले, तरच समान. ‘नल नसेल’ या अटीत सगळा जीव आहे. आयडी डेटाबेस देतो, तोही परसिस्ट केल्यावर. बारशी व्हायचीत म्हणून दोन बाळं एकच ठरत नाहीत! नुसते आयडी ताडले असते तर नल आणि नल सारखे ठरून सेटमध्ये टाकलेलं दुसरं नवं पुस्तक गुपचूप गळलं असतं.

हॅशकोडमध्ये एकच ओळ: क्लासचा हॅशकोड परत दे. पुस्तक कोणतंही असो, आकडा तोच. असा हॅशकोड नियमात बसतो, पण वापरू नका, असं जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’त बजावलंय, त्यामुळे वाचणारा दचकतो. पण हॅश आयडीवरून काढला तर काय होतं बघा. नवं पुस्तक हॅशसेटमध्ये टाकलं तेव्हा आयडी नल होता, ते एका बकेटमध्ये बसलं. परसिस्ट केलं, आयडी आला, हॅश बदलला. आता कंटेन्स विचारलं की सेट बहुधा भलत्याच बकेटमध्ये शोधतो आणि ‘नाही’ म्हणतो. लूप फिरवला तर पुस्तक दिसतं, पण रिमूव्हने निघत नाही. स्थिर आकडा हा घोळ मुळातच होऊ देत नाही. बदल्यात सगळी पुस्तकं एकाच बकेटमध्ये जातात, शोध मंदावतो. एका लेखकाच्या पाच-पन्नास पुस्तकांत ते जाणवतही नाही. हजारोंचं कलेक्शन असेल, तर ते एन्टिटीत मॅपच करू नये.

आयएसबीएनसारखी कधीच न बदलणारी की हाताशी असेल, तर दोन्ही मेथड खुशाल तिच्यावर बांधा. आयडी डेटाबेसच देणार असेल, तर याहून भरवशाचा हॅशकोड माझ्या पाहण्यात नाही.