ऑनर्सचा प्रवेश आणि ऑनर्सची पूर्तता : अमेरिकन प्रयोगाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

'ऑनर्स' ही संज्ञा भारतीय विद्यापीठांना नवी नाही. कोलकाता आणि दिल्ली येथे ती दीर्घकाळ रूढ आहे. महाराष्ट्रातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांच्या बोलण्यात मात्र ती खऱ्या अर्थाने रुळली ती राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीबरोबर. तत्पूर्वी पुणे विद्यापीठाच्या कला शाखेत 'सामान्य' व 'विशेष' असा भेद होता आणि विद्यार्थी 'एस-वन', 'एस-टू' अशा सांकेतिक नावांनी आपल्या विशेष विषयाच्या प्रश्नपत्रिका ओळखत असत. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यानुसार चार वर्षे पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदवीपुढे 'ऑनर्स' हा शब्द लागणार आहे. चार वर्षांची पदवी, श्रेयांक, मुख्य व गौण विषय ही परिभाषा ज्या अमेरिकन उच्च शिक्षणाशी नाते सांगते, तेथे पदवी स्तरावरील ऑनर्स उपक्रमाला १०० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या प्रयोगाचे मूल्यमापन करताना बहुतेक वेळा त्यात प्रवेश कोणाला मिळतो याचीच चर्चा होते. प्रस्तुत लेखाचा रोख वेगळा आहे. विद्यार्थी या उपक्रमातून बाहेर कसा पडतो, त्याने ऑनर्स पूर्ण केले असे कोण ठरवतो आणि कशाच्या आधारे, हा प्रश्न येथे मध्यवर्ती मानला आहे.

स्वार्थमोरचा प्रयोग

अमेरिकन ऑनर्सच्या इतिहासात फ्रँक आयडेलॉट यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. १८८० मध्ये इंडियाना राज्यात जन्मलेले आयडेलॉट १९०५ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डला गेले. तेथे साधी पदवी व ऑनर्स पदवी यांतील भेद त्यांनी जवळून पाहिला. १९२१ मध्ये ते फिलाडेल्फियाजवळील स्वार्थमोर या क्वेकर परंपरेतील छोट्या महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले आणि १९२२ मध्ये त्यांनी तेथे ऑनर्सचा उपक्रम सुरू केला. प्रारंभी इंग्रजी साहित्य व सामाजिक शास्त्रे ही दोनच क्षेत्रे त्यात होती.

उपक्रमाची रचना वरकरणी साधी होती. पहिली दोन वर्षे इतरांबरोबर शिकल्यानंतर निवडक विद्यार्थी शेवटच्या दोन वर्षांसाठी ऑनर्समध्ये जात. त्यांना नेहमीच्या तासिका, हजेरी आणि सत्रागणिक परीक्षा यांतून मोकळीक मिळे. एका सत्रात दोनच सेमिनार असत. प्रत्येक सेमिनार आठवड्यातून एकदा भरे. विद्यार्थी स्वतः निबंध लिहून आणत आणि त्यावर चर्चा होई. दोन वर्षांच्या अखेरीस लेखी व मौखिक परीक्षा होत असे आणि ती घेणारे परीक्षक स्वार्थमोरचे नसत. अन्य विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अभ्यासक त्यासाठी येत. ज्याने शिकवले त्याच्या हाती ऑनर्स देण्याचा अधिकार नव्हता.

आयडेलॉट यांनी आपली भूमिका १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ब्रेकिंग द अ‍ॅकॅडेमिक लॉक स्टेप' या ग्रंथात मांडली. शीर्षकातील प्रतिमा कवायतीची आहे : सर्वांनी एकमेकांच्या पावलावर पाऊल ठेवून एकाच गतीने चालायचे. या कवायतीत बुद्धिमान विद्यार्थ्याची गती सरासरी विद्यार्थ्याच्या गतीला बांधली जाते, अशी त्यांची तक्रार होती. ग्रंथाचा बराचसा भाग निरनिराळ्या महाविद्यालयांतील ऑनर्स उपक्रमांच्या पाहणीने व्यापलेला आहे आणि तो आज वाचताना कंटाळवाणा वाटतो, हे मान्य करावे लागेल. त्यांच्या प्रतिपादनातील एक गृहीतकही तपासण्यासारखे आहे. अमुक विद्यार्थी 'समर्थ' आणि अमुक 'सरासरी' ही विभागणी त्यांना बरीचशी स्वयंस्पष्ट वाटते. घरची भाषा, शाळेचा दर्जा, आर्थिक स्थिती यांचा त्या 'सामर्थ्या'त किती वाटा असतो, या प्रश्नाशी ते फारसे थांबत नाहीत.

परंतु माझ्या मते या ग्रंथाच्या वाचकांचे दुर्लक्ष झाले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. शीर्षकाने सर्वांचे लक्ष गतीकडे वेधले; उपक्रमाचा कणा मात्र बहिःस्थ परीक्षकात होता. परीक्षक बाहेरचा असला की शिक्षक व विद्यार्थी यांच्या नात्यात एक मूलभूत बदल घडतो. एरवी शिक्षक हाच न्यायाधीश असल्यामुळे त्याच्या मताशी जुळवून घेणे विद्यार्थ्याच्या हिताचे असते. निर्णय तिसऱ्या व्यक्तीकडे गेला की दोघे एका बाजूला येतात आणि शिक्षकाशी मतभेद व्यक्त करण्याची किंमत उरत नाही. दुसरीकडे शिक्षकाचीही कसोटी लागते, कारण त्याने दोन वर्षांत काय वाचून घेतले हे अन्य ठिकाणचा त्याच विषयाचा जाणकार पाहणार असतो. केवळ गुणांच्या आधारे हुशार मुले वेगळी बसवणे कोणत्याही शाळेला जमते. त्यांच्या विद्वत्तेचा निर्णय परक्या माणसावर सोपवण्यासाठी संस्थेकडे वेगळा आत्मविश्वास लागतो, आणि खर्चही. स्वार्थमोरला जनरल एज्युकेशन बोर्डाचे अर्थसाहाय्य लाभले होते, ही बाब येथे नजरेआड करता येत नाही.

स्वार्थमोरचा उपक्रमही जसाच्या तसा राहिला नाही. विद्यार्थ्यांचा सहभाग घटत गेल्याने १९९० च्या दशकात त्याची फेररचना झाली. तीन 'तयाऱ्या' मुख्य विषयात व एक गौण विषयात, अशी चार घटकांची मांडणी आली आणि सेमिनारची श्रेणी महाविद्यालयातील प्राध्यापक देऊ लागले. पदवीवर 'ऑनर्स', 'हाय ऑनर्स' की 'हायेस्ट ऑनर्स' लिहायचे हे मात्र आजही बाहेरून आलेले परीक्षक ठरवतात. बाकी सर्व बदलूनही ही एक गोष्ट संस्थेने सोडली नाही, यावरून तिचे मोल लक्षात यावे.

विस्तार आणि विरलता

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑनर्सची कल्पना छोट्या खाजगी महाविद्यालयांतून मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे गेली. १९५७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील जोसेफ कोहेन यांच्या पुढाकाराने या विषयावरील आंतरविद्यापीठीय समिती स्थापन झाली. तिचे काम १९६५ मध्ये थांबल्यावर १९६६ मध्ये नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल उभी राहिली. पुढील टप्पा 'ऑनर्स कॉलेज'चा. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाचे ऑनर्स कॉलेज १९८८ चे, पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे श्रेयर ऑनर्स कॉलेज १९९७ चे, तर न्यूयॉर्क शहर विद्यापीठाचे, आज मॅकॉले या नावाने ओळखले जाणारे, ऑनर्स कॉलेज २००१ चे.

यांपैकी अ‍ॅरिझोनाचे बॅरेट ऑनर्स कॉलेज उदाहरणादाखल घेऊ. प्रथम वर्षापासून येथे येणारा विद्यार्थी 'द ह्यूमन इव्हेंट' हा दोन सत्रांचा सेमिनार करतो. त्यात मूळ ग्रंथांचे वाचन, चर्चा आणि लेखन यांवर भर असतो. पदवीपर्यंत त्याने ३६ ऑनर्स श्रेयांक मिळवायचे असतात. नेहमीच्या वर्गातच प्राध्यापकाशी लेखी करार करून जादा काम केल्यास त्या अभ्यासक्रमाचे ऑनर्स श्रेयांक मिळतात. अखेरीस एक प्रबंधिका किंवा सर्जनशील प्रकल्प सादर करून त्याचे समर्थन करावे लागते. कागदावर पाहता ही रचना स्वार्थमोरइतकीच, किंबहुना अधिक भरगच्च आहे.

तरीही फरक मूलगामी आहे. करार ज्या प्राध्यापकाशी, मूल्यमापन त्याचेच. प्रबंधिकेचा मार्गदर्शक विद्यार्थ्याने निवडलेला आणि समितीतील अन्य वाचकही बहुधा त्या दोघांच्या परिचयातील. ज्या शिक्षकाने आपल्या मोकळ्या वेळात, बहुतेकदा विनामोबदला, वर्षभर विद्यार्थ्याला मार्गदर्शन केले, तोच त्या कामाचा कठोर परीक्षक होईल ही अपेक्षा मानवी स्वभावाला धरून नाही. ऑनर्सचा करार हा तर या व्यवस्थेतील सर्वांत दुबळा दुवा म्हणावा लागेल. उत्तम शिक्षकाच्या हाती त्यातून स्वतंत्र अध्ययन घडते; अन्यथा दहा पानांचा एक जादा निबंध म्हणजे ऑनर्स, असा त्याचा अर्थ होतो.

याउलट प्रवेशाची बाजू मात्र सतत सजत गेली आहे. वेगळे वसतिगृह, लहान वर्ग, अभ्यासक्रम निवडताना अग्रक्रम, स्वतंत्र सल्लागार अशा सवलती ऑनर्स कॉलेजांच्या माहितीपत्रकांत अग्रभागी असतात. त्यामागील कारण उघड आहे. गुणवान विद्यार्थी महागड्या खाजगी विद्यापीठाकडे न वळता सरकारी विद्यापीठातच राहावा, हा या कॉलेजांचा एक घोषित हेतू आहे. तो गैर नाही. मॅकॉलेसारख्या ठिकाणी शिक्षणशुल्क माफ होत असल्याने मध्यम व निम्न आर्थिक स्तरातील विद्यार्थ्यांना त्याचा खराखुरा लाभ झाला आहे. परंतु सवलती प्रवेशाबरोबर मिळतात आणि प्रबंधिका शेवटी लिहायची असते. साहजिकच काही विद्यार्थी सवलती उपभोगून प्रबंधिकेच्या वळणावर उपक्रम सोडतात. ऑनर्स पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण हा नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिलच्या २००० पासून निघणाऱ्या नियतकालिकातही चर्चेचा विषय झालेला आहे. त्या चर्चेत अर्धवट सोडणाऱ्यांकडे बहुधा 'गळती' म्हणून पाहिले जाते. मला हा दृष्टिकोन अपुरा वाटतो. जो उपक्रम सर्वांनाच पूर्ण करता येतो, त्याच्या पूर्ततेला काही अर्थ असतो का, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा. त्याचबरोबर, जो विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकतो आणि केवळ वेळेअभावी प्रबंधिका सोडतो, त्याची गणना अक्षमांत करणे अन्यायाचे होईल.

आपल्याकडील ऑनर्स

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील रचनेकडे पाहिले असता प्रथम जाणवते ते असे की, ऑक्सफर्ड किंवा स्वार्थमोर येथे ऑनर्स हा एकाच मुदतीच्या दोन पदव्यांमधील गुणवत्तेचा भेद आहे. आपल्याकडे तो मुदतीचा भेद झाला आहे. महाराष्ट्र शासनाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० ते १७६ श्रेयांक आहेत. म्हणजे चौथे वर्ष उत्तीर्ण होणारा प्रत्येक विद्यार्थी ऑनर्स. निवडीचे तत्त्व येते ते 'संशोधनासह ऑनर्स' या शाखेत. आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांसाठी ती खुली आहे आणि तिच्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. आयोगाच्याच २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणारा विद्यार्थी थेट पीएच.डी.साठी पात्र ठरतो. एवढे मोठे दार ज्या प्रकल्पाच्या पलीकडे आहे, त्या प्रकल्पाचे परीक्षण कोणी व कसे करावे, यावर खरे तर सर्वाधिक खल व्हावयास हवा होता. आपली चर्चा मात्र ७५ टक्क्यांच्या अटीभोवतीच फिरते.

येथे एक विसंगती नोंदवणे भाग आहे. बहिःस्थ परीक्षक आपल्याला अपरिचित नाही. उलट आपली सारी परंपराच त्याची आहे. १८५७ चे मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून जन्माला आले. शिकवणारे महाविद्यालय आणि तपासणारे विद्यापीठ ही फारकत आपण पिढ्यानपिढ्या अनुभवली आहे. पण आपल्या परीक्षकाला चेहरा नव्हता. तो छापील अभ्यासक्रमावर प्रश्न काढी, बैठक क्रमांकामागील विद्यार्थ्याला तो कधीच भेटत नसे आणि वर्गात प्रत्यक्ष काय वाचले गेले हे त्याला ठाऊक नसे. शिक्षक आणि विद्यार्थी या व्यवस्थेतही एका बाजूला आले, मात्र ते संभाव्य प्रश्नांचा अंदाज बांधण्यापुरते. गाईडांचा धंदा त्यावरच पोसला गेला. स्वार्थमोरमध्ये परीक्षकाला सेमिनारमधील वाचनाची कल्पना आधी दिली जाते आणि तो विद्यार्थ्यासमोर बसून बोलतो. शब्द तोच, व्यवहार निराळा.

विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकाच्या निमित्ताने 'एक्स्टर्नल' समोरासमोर येतो हे खरे. परंतु त्याचे स्वागत, भोजन आणि प्रवासभत्त्याचा अर्ज यांत दिवसाचा किती भाग जातो आणि मौखिकीला दर विद्यार्थ्यामागे किती मिनिटे उरतात, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यात परीक्षकांचा दोष फारसा नाही. तीस-चाळीस विद्यार्थ्यांची मौखिकी एका दिवसात उरकायची असेल तर जगातील कोणताही परीक्षक हेच करील. ऑनर्सच्या संशोधन शाखेत विद्यार्थिसंख्या मर्यादित राहणार असल्याने निदान तेथे तरी अर्धा तास निवांत संभाषण शक्य आहे.

संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये प्रथम वर्षाला आलेला विद्यार्थी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाच्या दाराशी येईल. तालुक्याच्या ठिकाणी जेथे तत्त्वज्ञान किंवा संस्कृतचा विभाग एकाच अध्यापकाच्या खांद्यावर आहे, तेथे मार्गदर्शकाची उपलब्धता हीच पहिली अडचण ठरेल. अशा विभागातील विद्यार्थ्याला शहरात पाठवणे हा एक मार्ग आहे, पण त्याचा भार पालकांवर आणि त्यातही मुलींच्या शिक्षणावर पडतो. दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे. लगतच्या दोन-तीन महाविद्यालयांतील एकाच विषयाच्या अध्यापकांनी परस्परांच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प वाचावेत, वाचनाची यादी सत्राच्या आरंभीच एकमेकांना पाठवावी आणि वर्षाअखेर विद्यार्थ्यांना समोर बसवून, त्यांच्या मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत, त्यांच्याशी बोलावे. यासाठी नवी इमारत अथवा स्वतंत्र कक्ष लागत नाही. एस.टी.चे भाडे, दुपारचे जेवण आणि परीक्षकाने आधी प्रकल्प वाचून येणे, एवढेच लागते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची तरतूद विद्यापीठाच्या मानधन-तक्त्यात करता येईल. तिसरीसाठी अध्यापकाच्या कार्यभारात वाचनाचे तास धरावे लागतील, आणि सध्याच्या कार्यभाराच्या गणनेत त्यांना जागा नाही.