डॉल्बीचं बटण आणि तारप्याचा श्वास

डहाणूच्या आमच्या घरात वडिलांचा जुना कॅसेट डेक आहे. त्याच्या दर्शनी पट्टीवर डॉल्बीचं बटण आहे. गेल्या वर्षी मी ते दाबलं आणि एका कॅसेटचं नुकसान करून बसलो. यंत्र बिघडलेलं नव्हतं, बटणही त्याला नेमून दिलेलं कामच करत होतं. म्हणूनच त्या बटणाची समीक्षा करावीशी वाटते.

डेक म्हणजे साधा टेपरेकॉर्डर नव्हे. त्याला स्वतःचा स्पीकर नसतो, तो अ‍ॅम्प्लिफायरला जोडावा लागतो आणि घरच्या विजेवर चालतो. फिलिप्सने 1963 साली आणलेल्या कॅसेटची फीत जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद, आणि ती सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या संथ वेगाने सरकते. इतक्या अरुंद, सावकाश फितीवर सरसर आवाज येणारच. डेकवरच्या बहुतेक सोयी या उणिवेवरचे उपाय आहेत : फितीचा प्रकार निवडायची कळ, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या डोलत्या सुया, आणि डॉल्बी.

रे डॉल्बी हे 1965 पर्यंत भारतात तांत्रिक सल्लागार होते. इथून परतल्यावर त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली. घरगुती यंत्रांसाठीची त्यांची ‘बी’ पद्धत 1968 मधली. तिची युक्ती सोपी आहे. ध्वनिमुद्रण करताना हळू आणि बारीक आवाज मुद्दाम चढवायचे, ऐकताना तेवढेच उतरवायचे. उतरवताना फितीची सरसरही त्यांच्याबरोबर खाली जाते. अट एकच : मुद्रण करताना ते आवाज चढवलेले असले पाहिजेत. नसतील, तर हे बटण मुळात असलेलंच काढून घेतं.

वडील तलासरीकडे शाळेत शिक्षक होते. भात तयार झाल्यापासून दिवाळीपर्यंत पाड्यापाड्यांवर तारपा वाजे, तेव्हा ते बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर घेऊन जात. पाड्यावर वीज नव्हती, त्यामुळे डेक घरीच राही. सुया पाहून पातळी ठरवू देणारं यंत्र डहाणूत, आणि एका माइकचं, पातळी आपली आपण ठरवणारं यंत्र नाचाच्या रिंगणात. तारपकरी जवळ आला की ते आवाज दाबायचं, लांब गेला की ओढून वर आणायचं आणि सोबत रातकिडेही आणायचं. रिंगण फिरतंय हे कानाला ज्यामुळे कळतं, ते जवळ-दूरचं अंतरच त्यात निम्मं पुसलं जाई.

उरलेलं निम्मं मी पुसलं. साठ मिनिटांची ती कॅसेट संगणकावर घेताना सरसर नको म्हणून डॉल्बी लावलं. पहिली बाजू, पूर्ण 30 मिनिटं, छान स्वच्छ उतरली. ती मी तलासरीजवळच्या एका पाड्यावर म्हाताऱ्या तारपकऱ्याला ऐकवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, वाजवणारा श्वास कधी घेतो?

तारपा म्हणजे वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालात हवा धरून नाकाने श्वास ओढत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. तो नाकाचा बारीक आवाज आणि लांबच्या काठीची घुंगरं माझ्या बटणाने सरसरीत जमा केली होती.

सरसर ती सरसरच, असं कुणी म्हणेल. खरं आहे. डॉल्बी लावून मुद्रित केलेली मैफल त्याच डेकवर सुरेख वाजते. माझी तक्रार बटणापेक्षा, स्वच्छ म्हणजे अस्सल असं मानणाऱ्या माझ्या कानाबद्दल आहे. वारली चित्रांचंही आपण असंच केलं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. तारप्याभोवतीचं ते पांढऱ्या आकृत्यांचं रिंगण आज कपांवर, साड्यांवर, सरकारी भिंतींवर दिसतं. चित्र घरोघर पोचलं, पण त्याच्या मध्यभागी उभा असलेला माणूस काय वाजवतो, हे किती जणांनी ऐकलंय?

वडिलांनाही यातून सोडता येत नाही. डेकवर तीन आकडी काउंटर आहे आणि कॅसेटच्या कार्डावर त्यांनी शिस्तीत लिहिलंय : ‘000 ते 214 तारपा, पुढे धवलेरीची लग्नगाणी’. नाव कुणाचंच नाही. त्याच कपाटातल्या शास्त्रीय गायनाच्या कॅसेटींवर मात्र गायकासोबत तबलजीचंही नाव आहे. कार्डावर जागा दोन्हीकडे सारखीच होती.

घरी येऊन बटण बंद केलं आणि कॅसेट पुन्हा लावली. जुनी फीत 11 मिनिटं चालली, मग रोलरभोवती गुंडाळून चुरगळली. त्या बाजूची उरलेली 19 मिनिटं आता फक्त माझ्या स्वच्छ प्रतीत आहेत. त्या फाइलच्या नावातच मी ‘डॉल्बी लावून बिघडवलेली’ असं लिहून ठेवलंय.

ती 11 मिनिटं घेऊन मी पुन्हा पाड्यावर गेलो. सरसर भरपूर होती. तारपकऱ्यांनी डोळे मिटून थोडंसंच ऐकलं आणि श्वास ओढायच्या लकबीवरून वाजवणारा ओळखला. त्यांच्याच नात्यातला, आता हयात नसलेला. मी नाव विचारून घेतलं आणि वडिलांच्या अक्षराखाली, 000 ते 214 च्या पुढे, लिहिलं. लग्नगाण्यांपुढची जागा अजून कोरी आहे.