वणव्यानंतरचें वन

आपल्या वाङ्मयांत वणव्याचीं वर्णनें थोडीं नाहींत. परंतु आग विझल्यावर त्या भूमीचें पुढें काय झालें, हें पाहण्यास किती कवि थांबले, असा प्रश्न केल्यास उत्तर सहजासहजीं सांपडत नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांतील खांडवदाह आणि ‘ऋतुसंहार’ काव्यांतील ग्रीष्माचा वणवा हीं दोन स्थळें या दृष्टीनें शेजारीं ठेवून वाचण्यासारखीं आहेत.

खांडवदाहाचें वर्णन भव्य आहे, यांत वाद नाहीं. क्षुधित अग्नि, त्याला विझवूं पाहणारा इंद्राचा पाऊस आणि तो पाऊस बाणांनीं अडविणारा अर्जुन, हें चित्र कोण विसरेल? पण त्या आगींतून अग्नीनें सोडले ते अवघे सहा जीव: तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्यांचीं चार पिलें. यांतील पिलांची कथा आम्हांस सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. आई जरिता त्यांना उंदराच्या बिळांत लपावयास सांगते. उंदराच्या तोंडीं पडण्यापेक्षां आगींत जळणें बरें, असें तीं म्हणतात, आणि अग्नीची स्तुति करून वांचतात. पुढें काय होतें? बाप मंदपाल सर्वांना घेऊन दुसऱ्या देशीं निघून जातो. मय सभा बांधावयास लागतो. जळलेल्या वनाकडे परत फिरणारा कथेंत कोणीच उरत नाहीं. इरावती कर्वे यांनीं ‘युगान्त’मध्यें (१९६७) या संहाराचा नैतिक जाब विचारला, तो योग्यच होता. आमची तक्रार त्याहून लहान आहे. त्या राखेवर पहिलें तृण केव्हां उगवलें, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

‘ऋतुसंहारा’चा कवि (तो कालिदासच कीं अन्य, हा वाद येथें नको) निदान एवढें सांगतो. पहिल्या सर्गांत वणवा भडकतो. हत्ती, गवे आणि सिंह वैर विसरून एकत्र नदीकडे धांवतात. दुसऱ्या सर्गांत पाऊस येतो, भूमि कोवळ्या तृणांकुरांनीं शोभूं लागते, आणि सर्गाच्या अखेरीस ग्रीष्माग्नीनें पोळलेल्या विंध्याला मेघ जलसिंचनानें निववितात. पावसाच्या आनंदांतही कवीला मागील होरपळ आठवते, हें त्याचें मोठेपण होय.

तरीही या समाधानावर आम्हांस पुरतें विसंबवत नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहणाऱ्यास हा क्रम पाठ आहे. फाल्गुन-चैत्रांत डोंगर पेटतो. कोणी चांगलें गवत येईल या समजुतीनें आग लावतो, कोणी मोहाखालचा पाला जाळतो, कोणाच्या हातून जळती विडी पडते. सकाळीं सारा उतार काळा. आषाढांत तोच उतार हिरवागार होतो आणि पाहुणा म्हणतो, “निसर्गानें सर्व भरून काढलें!” परंतु हिरवें झालेलें असतें तें गवत. साग, पळस यांना बुडाशीं पुन्हा धुमारे फुटतात. बीजापासून उगवलेलीं कोवळीं रोपें मात्र दरसाल लागणाऱ्या आगीनें मरतात. जुनीं झाडें उभीं असतात, म्हणून वन शाबूत आहे असें वाटतें. ज्या घरांत आजोबा आहेत पण नातवंडें नाहींत, तशी त्याची स्थिति असते.

तृणाला एक ऋतु पुरतो; वृक्षाला माणसाचें आयुष्य लागतें. आजच्या मराठी लेखनांत राखेंतून उगवणाऱ्या नवजीवनाची उपमा फार सहज येते, आणि तिच्यांतील हिरवा रंग बहुधा पहिल्या पावसाचाच असतो. एकाच जळलेल्या उतारावर लेखकानें दहा पावसाळे जावें. कोणता धुमारा टिकला, कोठली माती वाहून गेली, कोणता पक्षी परतला, हें लिहावें. उन्हाळ्याआधीं जाळरेषा काढणाऱ्यांना आणि ओल्या फांद्यांनीं आग झोडपणाऱ्यांना हें सारें ठाऊक आहे. त्यांच्याइतका धीर आपल्या वाङ्मयानें धरला, तर मंदपालाच्या मागें राहिलेल्या त्या भूमीची कथा आपल्याला एकदां तरी वाचावयास मिळेल.