दम्याचा पंप आणि मेडिकलवाला : एक शोधनिबंध नीट वाचू

मागच्या आठवड्यात इथं वारणानगरला एक ज्युनिअर सिनॉप्सिस घेऊन आला. विषय : प्रौढांच्या दम्याच्या नियंत्रणात औषध दुकानातल्या फार्मासिस्टची भूमिका. पहिल्याच पानावर वाक्य, 'फार्मासिस्टच्या समुपदेशनाने दमा सुधारतो हे सिद्ध झाले आहे.' मी म्हटलं, कुठं? त्यानं ऑस्ट्रेलियातला एक निबंध पुढं केला. तोच आज वाचू.

कॅरोल आर्मर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये 'थोरॅक्स'मध्ये आला. ५० औषध दुकानं, ३९६ रुग्ण, सहा महिने. इथं चिठ्ठी टाकली ती दुकानांच्या नावाने, रुग्णांच्या नव्हे. का? प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट एका रुग्णाला पंप ओढायला शिकवेल आणि दुसऱ्यासमोर गप्प बसेल, हे शक्य नाही. ही रचना मला पटते.

आता निकाल. सेवा मिळालेल्या गटात 'तीव्र' दमा 'तीव्र नाही' या पातळीवर येण्याची शक्यता २.७ पट, असं निबंध सांगतो. थांबा. हा आकडा ऑड्स रेशोचा आहे. परिणाम बऱ्याच जणांत दिसत असेल तर ऑड्स रेशो प्रत्यक्ष शक्यतेपेक्षा मोठा दिसतो. म्हणून 'पावणेतीन पट' असं जसंच्या तसं उतरवू नका.

दुसरी गोष्ट सारांशातच आहे, पण घाईत सुटते. औषध नियमित घेणं, आजाराची माहिती, जीवनमान, सगळं सुधारलं. स्पायरोमेट्रीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. म्हणजे सेवा निरुपयोगी का? तसं नाही. रात्री धाप न लागणं हा रुग्णासाठी खरा फायदाच. पण समुपदेशन मिळालंय हे रुग्णाला माहीत असतं, त्यामुळे त्याच्या उत्तरांना तो रंग चढू शकतो. 'फुफ्फुसाची क्षमता वाढली' असं तर लिहूच नका.

आता आपल्याकडे या. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत रुग्ण समुपदेशन आहे. काउंटरवर काय दिसतं? पाचट पेटलं, गुऱ्हाळाचा धूर आला, की गिऱ्हाईक म्हणतं, "तो निळा पंप द्या." चिठ्ठी नसते. आराम पडतो, पण श्वासनलिकेची सूज तशीच राहते. म्हणूनच 'जिना'ने २०१९ पासून प्रौढांना फक्त तात्पुरत्या आरामाच्या पंपावर ठेवू नका असं सांगितलंय. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप वर्षात संपत असतील, तर जोराचा झटका येण्याचा धोका वाढतो.

वर्षाला किती पंप गेले, हे डॉक्टरांना बऱ्याचदा कळत नाही. मेडिकलवाल्याच्या बिलांत ते असतं. माझ्या मते आपल्याकडचा खरा संशोधन प्रश्न इथं आहे.

म्हणून प्रश्न लहान ठेवा. पंपांची मोजणी करा, पाच प्रश्नांची अस्थमा कंट्रोल टेस्ट आधी आणि नंतर घ्या, पंप ओढण्याची पद्धत पायरी पायरीने तपासा. आणि तपासणारा माणूस शिकवणाऱ्यापेक्षा वेगळा ठेवा.

ज्युनिअरने ते वाक्य खोडलं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'सिद्ध झाले आहे' कितीदा आलंय, एकदा मोजून बघा.