सर्वेक्षणाच्या सारणीतील आकडा : मांडणी आणि अर्थ यांचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

सामाजिक शास्त्रांतील संशोधनात सारणीला पुराव्याचे स्थान आहे. तथापि सारणीतील आकडा कोणत्या रूपात छापावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा टंकलेखनाचा मानला जातो. वस्तुतः आकड्याची मांडणी हे त्याच्या विश्वासार्हतेविषयीचे विधानच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) सारण्यांच्या आधारे या मुद्द्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कंस आणि तारांकन

या सर्वेक्षणाच्या अहवालांतील एक संकेत अनुकरणीय आहे. भारांकन करण्यापूर्वीची प्रत्यक्ष प्रकरणे २५ ते ४९ असतील, तर त्यांवर आधारित टक्केवारी कंसात छापली जाते. प्रकरणे २५ पेक्षा कमी असल्यास आकडा न देता तेथे तारांकन केले जाते. कंस वाचकाला सावध करतो. तारांकन मात्र माहितीचा अभाव सुचवीत नाही, तर उपलब्ध माहिती अनुमानास अपुरी असल्याचे सांगते.

या संकेताला मर्यादाही आहे. ५० प्रकरणांवरील आणि ५०,००० प्रकरणांवरील टक्केवारी एकाच रूपात, एका दशांश स्थळापर्यंत छापली जाते. सविस्तर अहवालात नमुनासंख्येचा रकाना असल्याने वाचक हा भेद ओळखू शकतो. परंतु संक्षिप्त तथ्यपत्रकात प्रत्येक आकड्यासमोर ती संख्या नसते.

अधिक चिंतेची बाब म्हणजे दुय्यम वापरात ही चिन्हे गळून पडतात. एक्सेलमध्ये कंसातील संख्या टंकल्यास ती ऋण संख्या म्हणून नोंदली जाते, म्हणून अभ्यासक कंस काढून टाकतो. तारांकनाच्या जागी शून्य भरले, तर न छापलेला आकडा 'घटना घडली नाही' अशी साक्ष देऊ लागतो.

ओळीचे शीर्षक

आकड्याचा अर्थ त्याच्या शीर्षकावरही अवलंबून असतो. पाचव्या फेरीच्या तथ्यपत्रकात एकूण लोकसंख्येतील लिंग गुणोत्तर दरहजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया असे आहे. २०११ च्या जनगणनेतील ९४३ या आकड्याशेजारी तो ठेवून देशात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाल्याचा निष्कर्ष काढला गेला. परंतु सर्वेक्षणातील गुणोत्तर आदल्या रात्री कुटुंबात मुक्कामी असलेल्या व्यक्तींवर आधारलेले असते. वसतिगृहे, लष्करी बराकी यांसारख्या ठिकाणचे रहिवासी त्यात येत नाहीत. जनगणना त्यांनाही मोजते. 'एकूण लोकसंख्या' या शब्दांत हा भेद दिसत नाही. त्याच पत्रकात मागील पाच वर्षांतील जन्मांचे लिंग गुणोत्तर ९२९ आहे. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास मुलींच्या कमी जन्मप्रमाणाचा प्रश्न सुटल्याचा भ्रम निर्माण होतो.

दशांशांचा मोह

महाविद्यालयीन लघुप्रबंधांत हाच दोष वेगळ्या रूपात आढळतो. ४० उत्तरदात्यांपैकी २७ जणांनी होकार दिला की सारणीत '६७.५० टक्के' असे लिहिले जाते. येथे एका व्यक्तीचे मत बदलल्यास टक्केवारी २.५ ने बदलते. मग शतांशापर्यंतची अचूकता कोठून येणार? नमुना यादृच्छिक मानला तरी ९५ टक्के विश्वासपातळीवर या अंदाजाची व्याप्ती सुमारे ५३ ते ८२ टक्के इतकी आहे. '४० पैकी २७' हे साधे रूप येथे अधिक प्रामाणिक ठरते.

स्वल्पविरामाचेही भान हवे. सर्वेक्षणातील कुटुंबसंख्या इंग्रजी अहवालात ६३६,६९९ अशी छापलेली आहे. मराठी वाचकासाठी ती ६,३६,६९९ अशी लिहावयास हवी, कारण आपले वाचन लाख-कोटींच्या क्रमाने होते. एकाच सारणीत दोन्ही पद्धती मिसळल्यास वाचनात चूक संभवते.

निष्कर्ष

प्रत्येक टक्केवारीसोबत तिची आधारसंख्या द्यावी. लहान नमुन्यात प्रत्यक्ष संख्येला प्राधान्य द्यावे. शून्य, गैरलागू आणि न छापलेला आकडा यांसाठी स्वतंत्र चिन्हे ठेवावीत. मूळ सारणीतील कंस, तारांकन व तळटीप उद्धृत करताना कायम राखावीत. पूर्णांकनामुळे बेरीज ९९.९ आली तर ती तशीच ठेवून खुलासा करावा. १०० जुळविण्यासाठी आकडा बदलू नये. मार्गदर्शक आणि परीक्षक यांनी प्रबंधाची सारणी या निकषांवर तपासल्यास आकड्याला त्याच्या पुराव्याइतकेच वजन मिळेल.