कथेकरी आणि नट

येरवड्यांतून मित्रमंडळीसह बंडगार्डनचा पूल ओलांडून जावें, दुपारीं कथाकथन ऐकावें, रात्रीं नाटक पाहावें. आणि परततांना मित्रांनीं कथा किरकोळ व नाटक थोर ठरवावें, हा निवाडा आम्हांस मान्य नाहीं. 1843 सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां पद्यांतून कथा सांगणारा सूत्रधारच नाटकाचा कणा होता. सूत्रधार व माणसांची भिंत यांच्या बळावर ‘घाशीराम कोतवाल’नें 1972 सालीं तेंच नातें पुन्हां जोडलें. शंकर पाटील, मिरासदार व व्यंकटेश माडगूळकर यांनीं तर नेपथ्यावांचून, केवळ वाणीनें सभागृहांत गांव वसविलें. पडदे काढल्यावर ज्या नाटकांत सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं, तें कितीही झगमगलें तरी आम्ही पोकळच म्हणूं.